शंका आली की बाजूला

शकुंतला तोरसकर गेली सव्वीस वर्षं बघण्याचा पगार घेते. हसू नका. बघणं हे काम असतं आणि ते दहा जणांतल्या नऊ जणांना येत नाही. विश्वास नसेल तर घरातल्या कुणालाही फ्रिजमधून लोणच्याची बरणी आणायला सांगा. दार उघडून दोन मिनिटं उभा राहील आणि म्हणेल, नाहीये गं! बरणी त्याच्या नाकासमोर असते.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, इंजेक्शनं भरणारी एक छोटी कंपनी आहे. तिथे औषध भरून, बूच मारून, करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या शकुच्या टेबलावर येतात. टेबलावर एक उघडी पेटी, वर पांढरा लाईट, मागे अर्धा पडदा काळा नि अर्धा पांढरा. बाटली मानेला धरून उचलायची, हलकीशी गोल फिरवायची, काळ्यासमोर पाच सेकंद, पांढऱ्यासमोर पाच सेकंद. काळ्यावर पांढरा धागा दिसतो, काचेचा कण चमकतो. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसतो. काही दिसलं की बाटली लाल ट्रेमध्ये, नाही दिसलं की पुढे. वाटतं सोपं. हवेचा बुडबुडा आणि काचेचा कण यातला फरक पाच सेकंदांत सांगून दाखवा, मग बोलू आपण.

नवीन मुलगी कामाला लागली की शकु तिला शेजारी बसवायची आणि एकच गोष्ट शिकवायची. "शंका आली की बाजूला. वाद घालायचा नाही. बाटलीशी नाही, स्वतःशी पण नाही. ही बाटली कुणाच्यातरी पोराच्या शिरेत जाणार आहे, कळलं ना?"

मुली माना डोलवायच्या, आणि मागे तिला 'सीसीटीव्ही' म्हणायच्या. शकुला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. का नाही आवडणार? सव्वीस वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेली एकही बाटली तक्रार होऊन परत आली नव्हती. ती राहते त्या सेक्टर तीनमध्ये कुणाकडे लग्नाची साडी घ्यायची असली की शकुला सोबत नेत. दुकानदाराने साडी उलगडली रे उलगडली की हिचं बोट नेमकं विणीतल्या सुटलेल्या दोऱ्यावर. दुकानदार तिला चहा पाजत आणि ती गेल्यावर सुटकेचा श्वास सोडत. नवरा सहदेव हा शांत मालवणी माणूस, एका सोसायटीत वॉचमन. तो म्हणायचा, "हिच्यासमोर शर्टाचं बटण तुटून चालत नाय. शर्ट मी घालूच्या आधी हिका कळता."

तर अशी ही बाई. नजर हीच तिची इस्टेट, तिचं शिक्षण आणि तिचा रुबाब.

दरवर्षी कंपनीत चष्मेवाला यायचा. भिंतीला अक्षरांचा तक्ता लावायचा, रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवायचा, दहा मिनिटांत काम खलास. तो 'वाचा' म्हणायच्या आत शकुची शेवटची ओळ वाचून झालेली असायची. या वर्षी मात्र नवा नियम आला. ज्यांचं वय पन्नासच्या पुढे आहे, त्यांनी डोळ्यांच्या हॉस्पिटलात जाऊन पूर्ण तपासणी करायची आणि फॉर्म भरून आणायचा. फॉर्म पास झाला तर टेबल, नाही तर लेबलिंग.

आता लेबलिंगला बसणं म्हणजे काही फासावर जाणं नव्हे. पगार तोच, खुर्ची तशीच. पण सव्वीस वर्षं जिने बाटलीच्या आत बघितलं, तिने आता बाहेरून कागद चिकटवायचा? शकुला ते झोंबलं. चेहऱ्यावर तिने काही दाखवलं नाही, ते वेगळं.

"मला काय धाड भरलीय," ती डबा खाताना अनुपमाला म्हणाली. अनुपमा तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, वयाने दोन वर्षं मोठी, तपासणी आठवड्यापूर्वीच उरकून आलेली.

"अगं, चष्मेवाल्यासारखं नाही ते," अनुपमा म्हणाली. "अडीच तास लागले मला. नाना मशीनं आहेत. शेवटी थेंब घालतात नि मग तास दोन तास सगळं पांढरं पांढरं. एकटी जाऊ नकोस हां, कुणालातरी ने."

म्हणून शनिवारी सकाळी शकु मुलीला, जान्हवीला घेऊन बोरिवलीच्या हॉस्पिटलात गेली. जान्हवी चोवीस वर्षांची, अंधेरीला एका ऑफिसात नोकरी, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. आज तिने ते काढून ठेवलं होतं. शकुने ठेवणीतली मोरपिशी साडी नेसली होती. जान्हवी म्हणाली, "आई, डोळे बघणार आहेत ते, साडी नाही." शकु म्हणाली, "परीक्षेला मी कधी घरच्या कपड्यात गेलेली नाय."

तपासणीच्या खोलीत श्वेता नावाची मुलगी होती, पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, बोलायला गोड. तिने आधी दहा प्रश्न विचारले. डोकं दुखतं का, दिव्याभोवती वर्तुळं दिसतात का, बीपी, शुगर, कुठली गोळी चालू. मग एका मशीनपुढे बसवलं. हनुवटी इथे, कपाळ तिथे. आत एक लांब रस्ता आणि त्याच्या टोकाला एक फुगा. फुगा धूसर व्हायचा, पुन्हा स्पष्ट व्हायचा.

"काही करायचं नाही काकू, नुसतं बघायचं. मशीन स्वतःच नंबर काढतं."

नुसतं बघायचं! शकुला हसू आलं. मग अक्षरं. एक डोळा झाकून तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली, दुसरा झाकून पुन्हा वाचली, आणि म्हणाली, "खाली कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव आहे, ते पण वाचू?"

श्वेता वाकून बघायला लागली. तीन वर्षं ती त्या तक्त्यासमोर उभी राहत होती, नाव तिने कधी पाहिलंच नव्हतं. जान्हवी तोंडावर हात धरून हसली. मग जड गोल फ्रेम नाकावर आली, त्यात भिंग बदलून बदलून, "हे बरं की हे? पहिलं की दुसरं?" जवळचा नंबर अर्ध्याने वाढला होता, एवढंच. रंगाच्या ठिपक्यांतले आकडे तर तिने पानं उलटता उलटता सांगितले. शकुची मान ताठ झाली. लेबलिंगच्या नावाने बोटं मोडून झाली.

पुढचं मशीन डोळ्यात हवेचा फुसकारा मारतं. डोळ्याच्या आतलं प्रेशर मोजतं. पहिल्या फुसकाऱ्याला शकु खुर्चीसकट मागे सरकली. "अगो बाय माझ्या!" दुसऱ्या वेळी नेटाने बसली. श्वेताने आकडा बघितला, पुन्हा एकदा मोजला. मग पिवळा थेंब घालून, निळ्या दिव्याने, वेगळ्या पद्धतीने मोजला.

"किती आहे?" शकुने विचारलं. काही लपवलं जातंय हे तिला लगेच दिसतं.

"डावीकडे एकवीस. उजवीकडे सत्तावीस."

"आणि किती पाहिजे?"

"साधारण एकवीसच्या आत. सर सांगतील काकू."

सर म्हणजे डॉक्टर मार्तंड कर्णिक. साठीचे, संथ, प्रत्येक वाक्याआधी थोडे थांबणारे. त्यांनी अंधारात भिंग धरून दोन्ही डोळ्यांत बराच वेळ बघितलं. त्यांच्या बघण्यावरूनच शकुला कळलं की हा माणूस आपल्याच जातीचा आहे. हा पण घाई करत नाही, हा पण पुन्हा मागे जाऊन बघतो. आणि उजव्या डोळ्यापाशी तो जास्त थांबला, हेही तिला कळलं.

"घरात कुणाला काचबिंदू होता?"

"मोतीबिंदू होता ना, बाबांना. ऑपरेशन केलं नाही त्यांनी."

"मोतीबिंदू नव्हे. काचबिंदू. डोळ्याच्या मागे एक नस असते, तिच्यावर दाब येतो. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. दुखत नाही, खुपत नाही. त्यात दोन डोळे एकमेकांचं झाकून घेतात. याला दिसलं नाही तर तो बघतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. अक्षरांच्या तक्त्यावर तर हे सापडतच नाही."

"म्हणजे मला झालाय?"

"मला शंका आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणून अजून एक टेस्ट करू."

शंका. हा शब्द ती दिवसातून पन्नासदा वापरत होती, पण आजवर दुसऱ्यांबद्दल.

टेस्टची खोली अंधारी. अर्धा कापलेला मोठा पांढरा चेंडू असावा तसं मशीन, त्यात तोंड घालून बसायचं. एका डोळ्यावर पट्टी, हातात बटण.

"मधे पिवळा ठिपका आहे ना, फक्त तिथे बघायचं," श्वेता म्हणाली. "आजूबाजूला छोटे दिवे लागतील, काही ठळक, काही अगदी मंद. दिसला की बटण दाबा. सगळे दिसायला पाहिजेत असं नाही. पापण्या मिटल्या तरी चालेल, पण नजर हलवायची नाही."

शेवटचं वाक्य शकुने ऐकलं, पण ते डोक्यात शिरलं नाही. सव्वीस वर्षांची सवय असते बाबा! दिवे लागायला लागले आणि ती कामाला बसली. वर एक, दाबलं. खाली डाव्या कोपऱ्यात एक, अगदी मंद, दाबलं. उजवीकडे एक, हा लपून बसला होता बेटा, दाबलं. प्रत्येक दिवा लागताना मशीन आतून बारीकसं टिक् करत होतं. टिक् झालं की शकुचे डोळे धावत सुटत आणि दिव्याला विझायच्या आत गाठत. उजवा डोळा झाला, डावा झाला. पट्टी काढून ती बाहेर आली ती विजयी चेहऱ्याने.

"एक पण सोडला नाही!" ती जान्हवीला म्हणाली. "सगळे पकडले."

श्वेताने कागद बाहेर काढला, बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आणि काळजी एकदमच आली. "काकू, हा कागद फुकट गेला."

"फुकट? अगं, सगळे पकडले मी!"

"म्हणून तर. मशीनमध्ये कॅमेरा असतो, तो तुमचा डोळा बघत असतो. डोळा एक क्षण मधे थांबलेला नाही. तुम्ही दिवे शोधत होतात."

"मग? शोधल्याशिवाय सापडणार कसे? एका जागी बघून कधी धागा सापडतो?"

श्वेताने कागद पुन्हा एकदा वरून खालपर्यंत बघितला. दिवसाला वीस पेशंट बघणारी ती, कुणाला दिवे दिसत नाहीत म्हणून टेस्ट पुन्हा घ्यायची. सगळे दिसले म्हणून पुन्हा घ्यायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. शेवटी जान्हवी खुर्चीवरून उठली आणि आईच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"आई, ऐक ना. इथे तू तपासणारी नाहीस. मशीन तुला तपासतंय. आज बाटली तू आहेस."

बाटली! बाटलीने काय करायचं असतं? गप राहायचं असतं. लाईटसमोर उभं राहायचं आणि आत जे असेल ते दिसू द्यायचं. तिने पट्टी स्वतःच डाव्या डोळ्यावर लावली आणि पुन्हा मशीनमध्ये तोंड घातलं.

या वेळी ती हलली नाही. किती कठीण गेलं ते तिचं तिलाच माहीत. डोळे ओढ घेत होते आणि ती त्यांना धरून ठेवत होती. टिक्. खाली दिवा, दाबलं. टिक्. उजवीकडे दिवा, दाबलं. टिक्. काही नाही.

टिक्. काही नाही.

नाकाच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, जिथे मघाशी डोळे पळवून तिने दिवे गाठले होते, तिथे आता फक्त मशीनचा आवाज येत होता. दिवा लागत होता, हे तिला आवाजावरून पक्कं कळत होतं. अंगठा बटणावर होता. दाबलं असतं तर कोण विचारणार होतं? आवाज आला की दाबायचं, फार तर दोन-तीन चुका, कागद बरा आला असता, टेबल राहिलं असतं. अंगठ्याला घाम आला.

तिने दाबलं नाही. न दिसलेल्या गोष्टीवर 'दिसलं' म्हणायचं? सव्वीस वर्षांत केलं नव्हतं, आज स्वतःसाठी करणार होती? टिक्, काही नाही. टिक्, काही नाही. डोळ्यातून पाणी आलं तरी नजर तिने पिवळ्या ठिपक्यावरून काढली नाही.

डावा डोळा स्वच्छ निघाला. उजव्याच्या कागदावर नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यात काळा डाग होता, नखाएवढा. "टेस्ट एकदम खरी आली काकू," श्वेता म्हणाली. "इतकं स्थिर फार कमी लोक बसतात." शकुला हे ऐकून बरं वाटलं. वाईट बातमी ऐकतानासुद्धा तिला शाबासकी आवडली, आता काय करायचं या बाईचं!

मग बाहुली मोठी करणारे थेंब. चुरचुरले. अर्धा तास डोळे मिटून बसायचं, मग डॉक्टरांनी झगझगीत दिव्याने मागचा पडदा बघितला, त्या नसेचे फोटो काढले. काचबिंदूच, पण सुरुवातीचा. गेलेलं परत येत नाही, पण रोज वेळेवर औषध घातलं तर पुढचं थांबवता येतं. दर चार महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि सख्ख्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्यायचं.

"आता तुमचा फॉर्म," डॉक्टर म्हणाले. "दूरची नजर, जवळची नजर, रंग. तिन्ही उत्तम आहेत. मी फिट लिहितो, त्यात खोटं काही नाही, तुमच्या कामाला मधलीच नजर लागते. कडेच्या नजरेचा रकाना या फॉर्ममध्ये नाहीच. हा दुसरा कागद तुमचा. कुणाला दाखवायचा ते तुम्ही ठरवा."

दुपारच्या रिक्षात शकु काळा चष्मा लावून बसली होती. बाहुल्या मोठ्या झालेल्या, सगळा लिंक रोड पांढरा फटफटीत, माणसं नुसत्या सावल्या. आणि त्या पांढऱ्यात तिला बाबा दिसले. गिरणीतले बाबा, गिरणी बंद पडल्यावर चारकोपला तिच्याकडे येऊन राहिलेले. पेपर वाचायचे, शेवटपर्यंत, बारीक जाहिरातींसकट. आणि बाथरूमच्या चौकटीवर खांदा आपटायचे. पाण्याचा तांब्या लाथाडायचे. तिला वाटायचं, लक्ष नसतं यांचं. पेपर वाचता येतो म्हणजे दिसतं की सगळं! एकदा आमटीचं पातेलं लवंडलं तेव्हा ती ओरडली होती, "आंधळे आहात का बाबा?" त्या दिवसापासून ते भिंतीला हात लावून चालायला लागले.

"मी बाटल्या बघत बसले गं," शकु म्हणाली आणि भर रिक्षात ढसाढसा रडली. "घरातला माणूस बघितला नाही."

जान्हवीने तिचा हात धरला. तुला कुठे माहीत होतं, वगैरे काही ती म्हणाली नाही. शहाणी पोरगी आहे. ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी माझी अपॉइंटमेंट घेतलीय."

घरी सहदेवने दोन्ही कागद बघितले. त्याला त्यातलं कळलं एवढंच की एकावर फिट लिहिलंय. "दुसरो कागद कित्याक दाखवतंस?" तो म्हणाला. "फिट लिवलेला असा मां? घाल तो कपाटात."

"आणि बाटली अशी कुणी कपाटात घातली तर?" शकु म्हणाली. सहदेवने चहाचा कप तोंडाला लावला. वाद घालून उपयोग नसतो हे त्याला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

सोमवारी कपडे बदलून, टोपी घालून ती थेट क्वालिटीच्या संघमित्रा मॅडमकडे गेली. मॅडम पस्तिशीच्या, शिकलेल्या, कडक. शकुला मात्र ताई म्हणायच्या. शकुने दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

संघमित्राने आधी फॉर्म बघितला, मग काळ्या डागाचा कागद. तो तिने दोनदा वाचला. "शकुताई, फॉर्ममध्ये हे मागितलेलंच नाही. तुम्ही फिट आहात."

"बाटलीवर पण कुठे लिहिलेलं असतं मॅडम, आत काय आहे ते?" शकु म्हणाली. "माझ्या डोळ्याची शंका आलीय. शंका आली की बाजूला. नियम माझाच आहे. मला परीक्षेचा ट्रे लावा. पास झाले तर टेबलावर बसते, नाही तर लेबलिंगला जाते, कटकट करणार नाही. आणि क्रम बदलून लावा हां. जुना माझा पाठ आहे."

परीक्षेचा ट्रे म्हणजे शंभर बाटल्या. त्यातल्या वीस मुद्दाम खोट असलेल्या, कुठे धागा, कुठे कण, आणि ऐंशी चांगल्या. प्रत्येकीच्या बुडाला नंबर, आणि कुठल्या नंबरात खोट आहे ती यादी फक्त मॅडमकडे. दरवर्षी याच ट्रेवर सगळ्यांची परीक्षा होते. वीसपैकी एक जरी सुटली तरी नापास.

शकु बाजूच्या खोलीतल्या पेटीपुढे बसली. काचेपलीकडे अनुपमा आणि मुली आपापल्या बाटल्या सोडून बघत होत्या. पेटीतला लाईट लागला. शकुने पहिली बाटली फिरवली, आणि तिच्या लक्षात आलं की डोळे पळायला लागलेत, बुडबुड्यांच्या मागे, नेहमीसारखे. तिने त्यांना थांबवलं. पिवळा ठिपका आठवला. नजर बाटलीच्या मधोमध ठेवली आणि पाणी तिच्यासमोरून फिरू दिलं. शोधायला गेली नाही. जे असेल ते येऊ दे समोर. काळ्यासमोर पाच, पांढऱ्यासमोर पाच. पुढची. पुढची. वीस मिनिटांत शंभर झाल्या. चष्मा काढून तिने घाम पुसला.

संघमित्राने लाल ट्रेमधल्या बाटल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. "ताई, एकवीस आहेत."

"हो."

"यादीत वीस आहेत." ती एकेक नंबर ताडून बघायला लागली. वीसच्या वीस सापडल्या होत्या. "चौऱ्याहत्तर जास्त झाली. ही चांगली आहे."

"बघा ना."

संघमित्राने बाटली फिरवली. काही नाही. भिंगाखाली धरली. काही नाही. ती मान हलवणार तेवढ्यात शकु म्हणाली, "पळू नका मॅडम तिच्या मागे. मधे बघत राहा. येईल तो."

संघमित्रा थांबली. पाणी संथ झालं, आणि तळातून, पापणीच्या केसाच्या निम्म्याहून बारीक असा एक धागा वर आला, अर्धा वळसा घेतला आणि पुन्हा खाली गेला. बुचातून सुटला असावा. ती बाटली दोन वर्षं चांगली म्हणून त्या ट्रेमध्ये होती. कंपनीतल्या प्रत्येकाच्या हातून ती पास झाली होती.

"तुमच्या पण, मागच्या वर्षी," संघमित्रा हळूच म्हणाली.

"माझ्या पण," शकु म्हणाली. मान तिने खाली घातली नाही. "तेव्हा माझे दोन्ही डोळे चांगले आहेत असं मला वाटत होतं."

काचेपलीकडे अनुपमाने अशी टाळी वाजवली की सुपरवायझर धावत आला. संघमित्राने यादी काढली, वीसच्या खाली एकविसावी ओळ लिहिली, चौऱ्याहत्तर, धागा, आणि शोधणाऱ्याच्या रकान्यात नाव घातलं. शकुंतला तोरसकर. मग डोळ्यांच्या फॉर्ममध्ये पेनने एक रकाना आखून वर लिहिलं, 'कडेची नजर', आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून सगळ्यांची. माझ्यापासून सुरुवात."

शकु आपल्या टेबलावर जाऊन बसली. त्या दिवशी तिच्या शेजारी एक नवी मुलगी होती. तिला तिने नेहमीचंच शिकवलं, पण या वेळी बोट आधी स्वतःच्या डोळ्याकडे नेलं आणि मग बाटलीकडे.

आता रोज संध्याकाळी सातला, देवापुढे दिवा लावून झाला की शकु औषधाची छोटी बाटली आणते. जान्हवीची तपासणी झाली, डोळे चांगले आहेत, दरवर्षी दाखवायचंय. सहदेवला पण ओढून नेलं. बाबांच्या फोटोखाली खुर्ची आहे, शकु तिथेच बसते. पहिल्या दिवशी तिने फोटोकडे बघून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी ओरडले तुमच्यावर. चुकले मी." नंतर रोज म्हणत नाही, पण बसते तिथेच.

थेंब घालण्याआधी ती बाटली ट्यूबलाईटसमोर धरते. आधी काळ्या कपाटापुढे, मग पांढऱ्या भिंतीपुढे. बाटली प्लास्टिकची, दुधी, आतलं काही दिसत नाही. जान्हवी रोज हसते. शकु पाच नि पाच सेकंद पूर्ण करते, "पास" म्हणते, मान मागे टाकते आणि उजवा डोळा उघडा धरते.